हिरवी काच आणि बया सुईण

कार्ल्याच्या बयाबाईला डोळ्यांनी कमी दिसतं, ही गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस म्हणजे खुद्द बयाबाई.

बाकीच्यांना ठाऊक होता तो तिचा हात. बयाबाई सुईण होती. खाली मळवलीच्या रुळांपासून वर डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीपर्यंत कुणाच्या घरी बाई अडली, की माणूस धावत यायचं ते तिच्याच दारात. पोटावर नुसता तळवा फिरवून ती मूल सरळ आहे की आडवं ते सांगायची. बाळंतिणीची खोली आधीच काळोखी, वर दाराला घोंगडी टांगलेली. तिथं तिचं डोळ्यांवाचून फारसं अडत नसे. अडायचं ते उन्हात.

लहानपणी तिला पापण्यांच्या आत खुपऱ्या झाल्या होत्या. आईनं जमेल ते केलं, मोरचुदाचा खडासुद्धा पापण्यांतून फिरवला. खुपऱ्या गेल्या, पण बुबुळांवर बारीक व्रण ठेवून गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नसत. आतून बघणाऱ्या बयाबाईला मात्र सगळं जग पातळ फडक्याआडून दिसायचं. सावलीत ती निभावून नेई. ऊन चढलं की ते फडकं पेटल्यासारखं पांढरंफेक होई आणि त्यात वाट, बांध, माणूस, सगळं विरून जाई. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत. भाताची कापणी झाल्यावर खाचरांत उरलेली पांढरट धसकटं तिला नकोशी वाटायची. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्यावर शेताचा जो काळा तुकडा उरतो, तिथं ती उगीच उभी राहायची. तेवढ्यापुरते डोळे निवायचे.

नवऱ्याला, दत्तोबाला, वाटायचं की बायकोला धुराचं वावडं आहे. तसं तिनंच सांगून ठेवलं होतं. कधी धूर, कधी कुसळ, कधी जागरण. कारणांना तोटा नव्हता. वाटा पायांच्या ओळखीच्या होत्या आणि माणसं आवाजाच्या. झाकली मूठ अशी वर्षानुवर्षं झाकलेलीच राहिली.

पण मुंबई-पुण्याच्या सडकेवर मोटारी वाढू लागल्या. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. फाल्गुनातल्या एका दुपारी बयाबाई सडक ओलांडत होती. समोर नुसता उजेडाचा डोंब. मोटारीचा आवाज तिनं ऐकला, पण मोटार किती जवळ आली ते तिला कळलं नाही. चाकं करकचून थांबली तेव्हा तापल्या लोखंडाची झळ तिच्या लुगड्याला लागली. ड्रायव्हर खाली उतरून तोंडाला येईल ते बोलला. सडकेच्या कडेचे चार लोक जमा झाले.

"बयाबाई, दिसलं न्हाई का काय गं?" कुणीतरी विचारलं.

"दिसायला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "ऐकाया आलं न्हाई. कानात दडा बसलाय."

सुईण बहिरी असली तरी चालते, आंधळीला कोण बोलावील, हा हिशोब तिनं उभ्या उभ्या केला होता. घरी आल्यावर मात्र ती चुलीपुढं बसूनच राहिली. आज आपण गेलो असतो तर गेलो असतो. पण उद्या कुणाची बाई अडली असेल, बाळ मधेच अडकलं असेल आणि सुईण सडकेवरच पडली असेल तर? तो विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

शेवटी ती लोणावळ्याच्या दवाखान्यात गेली. एकटीच. घरी सांगितलं, मीठ-मिरची आणायला जाते. डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या, दिव्याचा झोत टाकून पाहिला.

"व्रण जुने आहेत बाई. औषधानं जाणार नाहीत. उजेड त्या व्रणांवर फुटतो आणि चहूकडं फाकतो, म्हणून तुम्हाला सगळं पांढरं दिसतं. उन्हात जाताना रंगीत काचेचा चष्मा घाला, त्रास पुष्कळ कमी होईल. काम काय करता?"

दवाखान्यात बाहेर बायका बसल्या होत्या, दार सताड उघडं होतं.

"शेतात असती," ती म्हणाली.

"मग कुठलाही सौम्य रंग चालेल," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाजारात पत्र्याची पेटी मांडून कोंडाजी चष्मेवाला बसायचा. वर गोणपाटाचं छप्पर, पुढं सतरंजी, सतरंजीवर ओळीनं मांडलेले चष्मे. हवा खायला आलेले शेठ लोक, मोटारींचे ड्रायव्हर, पोथी वाचणारे म्हातारे, सगळ्यांची तिथं ये-जा. बायका सहसा फिरकत नसत. बयाबाईनं आधी दोनदा पुढून चक्कर मारली. मग आजूबाजूला ओळखीचा आवाज नाही असं पाहून ती रस्त्याकडं पाठ करून बसली आणि पदर कपाळावर ओढून घेतला.

"रंगीत काचंचा दाव," ती हळूच म्हणाली.

"कुणासाठी, मावशी?"

"घरच्या माणसासाठी."

कोंडाजीनं तिच्या ओल्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं. त्यानं एकेक चष्मा पुढं केला. पहिला काळा. तो डोळ्यांवर चढवताच ऊन मेलं, पण छपराच्या सावलीत तिला स्वतःच्या वहाणाही दिसेनात. दुसरा निळा. त्यात सगळा बाजार तिन्हीसांजेसारखा उदास झाला. तिसरा पिवळा. त्यात पलीकडल्या दुकानाच्या पायरीची कड तिला स्पष्ट दिसली, इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती. पण उजेड कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटला आणि डोळे चुरचुरायला लागले. मग त्यानं हिरवा दिला.

बयाबाईनं श्वास सोडला. श्रावणातलं भाताचं खाचर जणू कुणी डोळ्यांवर आणून ठेवलं होतं. ऊन होतं, पण बोचत नव्हतं.

"घाई करू नका," कोंडाजी म्हणाला. "लावून जरा उन्हात फिरून या. मग सावलीत बघा. आन् घालणाऱ्याचा धंदा काय ते सांगा. शेतातल्याला येगळी काच लागती, शिवणाऱ्याला येगळी. रंगीत काच डोळ्याला गार करती, पर रंग खाती बरं का."

शेवटचं वाक्य बयाबाईच्या कानांवरून गेलं, कारण तेवढ्यात मागून आवाज आला. कार्ल्याची रतनबाई कुणाशी तरी कांद्यांवरून हुज्जत घालत होती. रतनबाईला कळलं म्हणजे गावाला दवंडी पिटायची गरजच नाही.

"ह्योच दे," ती म्हणाली. चष्म्याची तार घाईघाईत तिच्या कानातल्या बुगडीत अडकली, ती तिनं हिसडून सोडवली. कान दुखावला. पैसे सतरंजीवर टाकून, चष्मा ओच्यात दडवून ती उठली आणि मागं न बघता चालू लागली.

त्यानंतरचे काही दिवस तिला सुखाचे गेले. गावाबाहेर पडलं, आसपास कुणी नाही असं कानांनी अजमावलं, की ती चष्मा काढून डोळ्यांवर चढवी. माणसाची चाहूल लागली की परत ओच्यात. बांधाची कड दिसू लागली, ओढ्यातले दगड दिसू लागले. सडकेवरची मोटार वळणावरूनच कळू लागली. आपली काळजी मिटली असं तिला वाटलं. खरं म्हणजे काळजी मिटली नव्हती, तिनं नुसती जागा बदलली होती. आता दिसत नाही याच्या भीतीपेक्षा चष्मा कुणाला दिसेल याची भीती मोठी झाली.

वैशाख लागला. एका दुपारी ठाकरवाडीहून नवशा धापा टाकत आला. त्याची बायको चिंगी पहिलटकरीण. दिवस अजून भरले नव्हते, पण सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. बयाबाई तशीच निघाली. नवशा पुढं पळत होता, त्यामुळं चढावर तिनं बिनधास्त चष्मा घातला. वाडीच्या तोंडाशी तो काढायचा असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

पण वाडीत पोचल्यावर तिला धक्काच बसला. पावसाळ्याआधी घरं शाकारतात, तसं नवशानं घराचं जुनं गवत उतरवून ठेवलं होतं. अर्धं छप्पर उघडं. कारवीच्या कुडाच्या आत, जिथं काळोख असायचा, तिथं भर दुपारचं ऊन उभं होतं. त्या उन्हाच्या कडेला चिंगी गोधडीवर पडली होती. तिच्याखाली जुनं हिरवं लुगडं घडी करून घातलेलं. कळा अशा येत होत्या की तिला तिथून हलवायची सोय नव्हती.

बयाबाईनं चष्मा काढून पाहिला. नुसता पांढरा भडका. तिनं तो परत घातला.

चिंगीची सासू बायडाबाई चुलीपाशी पाणी तापवत होती. तिनं वळून पाहिलं. "ह्ये काय गं डोळ्यावं?"

"डोळं आल्यात," बयाबाई म्हणाली. "तुमाला लागाय नको म्हून."

बायडाबाईला ते पटलं. नाहीतरी वाद घालायला वेळ कुणाला होता. सावल्या कुडाच्या बुडापासून थोड्या पुढं सरकल्या तोवर बाळ बाहेर आलं. मुलगी. लहानशी, पण आवाज खणखणीत. नाळ कापली, थोड्या वेळानं वारही पडली. बयाबाईनं कपाळाचा घाम पुसला. तिनं चिंगीकडं पाहिलं, खालच्या लुगड्याकडं पाहिलं. लुगडं ओलं आणि काळपट दिसत होतं. मघाशी गरम पाणी ओतलं होतं, ते मुरलं असेल, असं तिला वाटलं. ती बाळाला पुसायला वळली.

"चिंगे, पोरगी बघ," बायडाबाई म्हणाली. चिंगी काही बोलली नाही. "दमली," बायडाबाई म्हणाली. मग तिनंच वाकून पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "बयाबाई, ही लय पांढरी पडली गं. व्हटबी पांढरं झाल्यात."

बयाबाईनं मान वळवली. चिंगीचा चेहरा तिला मघासारखाच दिसला, हिरवट, सावळा, घामेजलेला. ओठांचा रंग मघा कोणता होता आणि आता कोणता आहे, तिला सांगता येईना. तिनं लुगड्यावर हात टेकला. हात गरम ओलाव्यात बुडाला. पाणी इतका वेळ गरम राहत नाही. तिनं हात उचलून नाकाशी नेला.

रक्त वाहत होतं. तिच्या डोळ्यांदेखत वाहत होतं, आणि हिरव्या काचेतून हिरव्या लुगड्यावर ते नुसती काळी ओल होऊन बसलं होतं.

तिनं चष्मा ओरबाडून काढला. ऊन डोळ्यांत घुसलं आणि सगळंच नाहीसं झालं. बाळ कुठं, चिंगी कुठं, काही दिसेना. तिनं डोळे मिटून घेतले आणि हातांनी चिंगीचं पोट चाचपलं. बाळंतपणानंतर बेंबीखाली जो टणक गोळा हाताला लागायला हवा, तो नव्हता. पोट भिजल्या कणकेसारखं मऊ.

"बायडाबाई, पोरीला तिच्या अंगावं लाव. आत्ताच्या आत्ता. नवशाला म्हनाव वरनं घोंगडी धर, ऊन आड कर."

तिनं चिंगीचं पोट चोळायला सुरुवात केली. एक तळवा खाली, एक वर, गोल गोल, दाबून. नवशानं हात उंचावून घोंगडी धरली. बायडाबाईनं बाळाचं तोंड आईच्या छातीला लावलं. बाळ चोखेना. मग चोखू लागलं, मग सुटलं, परत लागलं. बयाबाई तोंडानं काही पुटपुटत नव्हती, देवाला हाक मारत नव्हती. तिचं सारं लक्ष तळव्याखाली होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचे खांदे भरून आले. मग तळव्याखाली काहीतरी आक्रसल्यासारखं झालं, सैल पडलं, आणि पुन्हा आक्रसलं. हळूहळू गोळा धरला. तिनं खाली हात घालून पाहिला. धार थांबली होती.

चिंगीनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा बायडाबाई रडायला लागली. तिनं बयाबाईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "तुज्या हातात देव हाय गं बाई," ती म्हणाली. वाडीतल्या आणखी बायका जमल्या, त्यांनीही तेच म्हटलं. ओटीत तांदूळ घातले. बयाबाईला ते तांदूळ निखाऱ्यासारखे वाटले. ती रात्र तिनं वाडीतच चिंगीच्या उशाशी बसून काढली आणि उजाडताच घर गाठलं.

त्या दिवसापासून बयाबाईचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. वाडीवरून खाली येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती चिंगीचं विचारी. चिंगी उठून बसली का, पेज घेते का, ताप तर नाही ना? चिंगी महिनाभर अंथरुणाला खिळून होती. तिकडून कुणी आलं नाही की बयाबाईला वाटे, वाईट बातमी सांगायला धीर होत नसेल. कुणी आलं की वाटे, तीच बातमी घेऊन आला. चष्मा तिनं तांदळाच्या कणगीमागं टाकून दिला होता.

जवळच्या पाटणहून बोलावणं आलं. तिनं अंगात कसकस असल्याचं सांगितलं. त्यानंतर देवल्याहून आलं. तिनं पाय मुरगळल्याचं सांगितलं. दत्तोबा आणि मुलगा सोपान शेतात असायचे, त्यांच्या ध्यानात आलं नाही. सुनेच्या, शालूच्या, आलं. शालू तेव्हा लेकुरवाळी होती आणि तिचं बाळंतपण बयाबाईनंच केलं होतं. कणगीतून तांदूळ काढताना तिला चष्मा सापडला. सासू मागल्या पडवीत एकटी बसलेली पाहून तिनं तो पुढ्यात ठेवला.

"आत्याबाई, ह्यो कुणाचा?"

बयाबाईनं धूर, कुसळ, जागरण, सगळी जुनी कारणं मनात चाचपून पाहिली. एकही कामाचं वाटलं नाही.

"माजा," ती म्हणाली. आणि मग सगळंच सांगितलं. खुपऱ्या, सडकेवरची मोटार, डॉक्टरांना मारलेली थाप, वाडीतलं हिरवं लुगडं.

शालूचं बाळ मांडीवर झोपलं होतं, त्याच्या अंगावरून तिचा हात फिरत होता. बयाबाईला वाटलं, आता ही विचारणार, माझ्या वेळेला तुम्हाला काय दिसत होतं?

"डोळ्याचं डॉक्टरला सांगितलं, धंद्याचं न्हाई," शालू शेवटी म्हणाली. "चष्मेवाल्याला तर कायच न्हाई सांगितलं. मंग काच बरुबर कशी मिळंल? चला, परत जाऊ. मी येती."

"आता नगंच ते. म्या धंदाच सोडती."

"सोडा की. पर सडक तर वलांडाया लागंल?"

दोघी लोणावळ्याला गेल्या. या वेळी बयाबाई रस्त्याकडं तोंड करून बसली, म्हणजे शालूनं तिला तसं बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सावलीकडं तिचं लक्ष जात होतं. कोंडाजीनं तिला ओळखलं.

"भाऊ," ती म्हणाली, "म्या सुईण हाय. बाळंतपनं करती. मला रगत वळखाया आलं पायजे, पोराचा रंग वळखाया आला पायजे, आन् उन्हातनं चालाय आलं पायजे."

कोंडाजीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "ह्ये मागल्या खेपंला सांगायचं हुतं, मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण बयाबाईला तो चाबकासारखा लागला.

शालूनं पिशवीतून लाल खणाचा तुकडा, हिरव्या लुगड्याची चिंधी, हळकुंड आणि पांढऱ्या धोतराचा फाडलेला भाग काढला. घरून निघतानाच तिनं ते बांधून घेतलं होतं. लाल तुकडा हिरव्या चिंधीवर ठेवून ती एकेक काच सासूच्या डोळ्यांवर देऊ लागली. हिरव्या काचेत लाल तुकडा नाहीसा झाला. बयाबाईनं तो चष्मा लगेच परत दिला. निळ्यात लाल जांभळट दिसलं, पण पांढरं कापड निळसर. "ह्या काचंत चांगलं पोरबी निळं दिसंल," ती म्हणाली. पिवळ्यात लाल उठून दिसलं. कडाही स्पष्ट. पण पांढरं कोणतं आणि हळदीचं कोणतं ते कळेना. "आन् ह्यात समद्यास्नी कावीळ."

मग कोंडाजीनं पेटीच्या तळातून एक वेगळा चष्मा काढला. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा धुरकट. "ह्याला फारसं कुनी घेत न्हाई. दिसाय मळका दिसतो. पर ह्यो रंग खात न्हाई, निसता समद्यांवर सावली धरतो."

बयाबाईनं तो घातला. लाल लालच होतं, थोडं मंद. हळद हळदच होती. पण हिरव्या काचेचा तो गारवा यात नव्हता. रस्त्यात उन्हात जाऊन उभी राहिली तर डोळ्यांत पाणी आलंच, फक्त धार लागली नाही. त्याहून गडद धुरकट काच घालून पाहिली. उन्हात ती सुखाची होती, पण छपराखाली येताच तिचा पाय सतरंजीच्या घडीत अडकला. परत फिकट. परत उन्हात, परत सावलीत. कोंडाजीनं एकदाही घाई केली नाही. बघे जमले होते. कुणी हसलं, कुणी "मडम" म्हणालं. तरी बयाबाई उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात येरझाऱ्या घालत राहिली.

"समोरचं ऊन आडतंय," शेवटी ती म्हणाली, "पर बाजूनं आन् वरनं घुसतंय."

कोंडाजीनं दोन्ही बाजूंना काळ्या कातड्याची लहान झडपं शिवून दिली. वरच्या उजेडासाठी पदर पुढं ओढायचा, एवढाच उपाय होता. तारा बुगड्यांत अडकू नयेत म्हणून त्यानं त्या आखूड केल्या आणि मागं नाडी बांधून दिली. फिकट धुरकट चष्मा घेऊन त्या परतल्या. वाटेत बयाबाई दोनदा म्हणाली, "हिरवा लय बरा वाटत हुता गं." शालू दोन्ही वेळा नुसतं "व्हय" म्हणाली.

सगळ्यांत कठीण काम पुढं होतं. ठाकरवाडीला जाऊन सांगायचं. शालूनं आग्रह धरला नव्हता. पण चिंगीच्या सासूनं कपाळाला लावलेले हात बयाबाईला चैन पडू देत नव्हते. चिंगी हिंडू-फिरू लागल्याचं कळलं, तशी ती वर गेली. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, चष्मा घालून गेली.

बायडाबाईनं पाट दिला, गुळाचा खडा दिला. बयाबाईनं गूळ हातातच धरला आणि सांगून टाकलं. डोळे आले नव्हते. रक्त दिसलं नव्हतं. तू बोलली नसतीस तर मला कळलंच नसतं.

बायडाबाई ऐकत राहिली. चिंगी दारात बाळाला पाजत बसली होती, तिनंही ऐकलं.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?" बायडाबाई म्हणाली. "म्या पदर धरून उन्हात हुबी ऱ्हायले आसते. दिवसभर."

बायडाबाई उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. बयाबाई थोडा वेळ थांबली, मग उतरू लागली. चिंगीनं तिला हाक मारली नाही, पण वाईटही बोलली नाही.

बातमी पसरली. व्हायचं तेच झालं. निम्म्या घरांनी दुसरी सुईण धरली. रतनबाईनं तर आपल्याला पहिल्यापासून संशय होता असं गावभर सांगितलं. दत्तोबा आठ दिवस बायकोशी बोलला नाही. डोळ्यांचं त्याला वाईट वाटलं नाही, वाईट वाटलं ते आपल्याला इतकी वर्षं धुराचं सांगितलं याचं. उरलेल्या घरांतून बोलावणी येत. तिथं बयाबाई शालूला बरोबर नेई. उंबऱ्याशीच सांगे, "माजी नजर अधू हाय. हात माजा, डोळं हिचं. चालत आसंल तर आत येती." काही घरांनी मान डोलावली, काहींनी नाही. जिथं नाही, तिथून दोघी मुकाट्यानं परतत. खाली लाल-हिरवं काही असलं की शालू ते काढून पांढरं धडोतं अंथरायला लावी, आणि आत पाऊल टाकायच्या आधी बयाबाई चष्मा कपाळावर सरकवून काळोखाला डोळे सरावेपर्यंत उभी राहायची.

चिंगीला पुन्हा दिवस गेले, तोवर लढाई सुरू झाली होती. वाडी आपल्याला बोलावणार नाही हे बयाबाईनं धरूनच ठेवलं होतं. भातं कापणीला आली असताना एका सकाळी नवशा दारात उभा राहिला. तो पळत आला नव्हता.

"आईनं बलिवलंय," तो म्हणाला. "दोगींनाबी."

या वेळी घर शाकारलेलं होतं, आत काळोख होता. बायडाबाई दारात आडवी उभी होती. तिनं बयाबाईच्या चष्म्याकडं पाहिलं, मग शालूकडं.

"दिसंल ते बोलायचं," ती म्हणाली. "दोगींनीबी. आन् न्हाई दिसलं तर त्येबी बोलायचं."

दुपारपर्यंत बयाबाई बोलत राहिली. हाताला काय लागतंय, डोळ्यांना काय दिसतंय, काय दिसत नाही. इतकं ती कुठल्या बाळंतपणात बोलली नव्हती. मुलगा झाला. वार पडली. पांढऱ्या धडोत्यावरचा डाग शालूनं पाहिला, बयाबाईनं वाकून पाहिला, बायडाबाईनंही पाहिला. तळव्याखाली गोळा टणक होता, तरी बयाबाईनं हात काढला नाही.

बायडाबाईनं आधी शालूला विचारलं, "बरी हाय का माजी सून?" शालू "व्हय" म्हणाली. मगच तिनं तोच प्रश्न बयाबाईला विचारला. बयाबाईला त्याचं थोडं वाईट वाटलं. पण "बरी हाय" म्हणताना तिचा आवाज कापला नाही.

त्या संध्याकाळी बायडाबाईनं दोघींना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढची काही वर्षं बयाबाई वाडीवर जात राहिली. मग चढण झेपेनाशी झाली आणि बोलावणं एकट्या शालूला येऊ लागलं. शालू निघाली की बयाबाई पडवीत येऊन बसे. शालूची पावलं अंगणात वाजली की पहिला प्रश्न ठरलेला, "गोळा धरला का गं?"